उठू नका, अन्वरभाई

सोनाळ्यात पोरीचं लग्न ठरलं की लोक आधी सोनाराकडे जातात आणि मग अन्वर पिंजाऱ्याकडे. त्याची गादी म्हणजे गादी. वर्षानुवर्षं झोपा, बसत नाही, गोळे धरत नाही, कोपरा मरत नाही. आंदणात अन्वरची गादी गेली म्हणजे पोरीच्या सासूचं अर्धं तोंड तिथंच बंद. हे सगळं खरं. आणि हेही खरं की खुद्द अन्वरच्या घरात गादी नव्हती. तो आणि त्याची बायको ताहेरा जन्मभर सतरंजीवर झोपले. लग्न होऊन आली तेव्हा ताहेरानं एकदा विचारून पाहिलं होतं. "गादी इकाची असते," तो म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

त्या साली कापूस घरात यायला लागला आणि अन्वरचे पाय जायला लागले. आधी मुंग्या आल्या. मग मशिदीपर्यंत जाताना मध्येच टेकावं लागायचं, कधी पानठेल्याच्या बाकावर, कधी शेजारच्या कडूबाच्या ओट्यावर. हळूहळू चालणं कमी आणि टेकणंच जास्त व्हायला लागलं. पण गादीवर वाकून टाके घालायला बसला की दुखणं पळायचं. वाकला की बरं, ताठ झाला की पायात आग. म्हणून तो दिवसभर वाकूनच असायचा, आणि ताहेराला वाटायचं, बसून काम करतोय म्हणजे फार काही बिघडलेलं नाही.

खाणं तर कधीचंच आटलं होतं. सकाळी चहात बुडवून टोस्ट, दुपारी अर्धी भाकर, रात्री "भूक नाई". ताहेरा दरसाल त्याच्या कुडत्याची शिवण आत घ्यायची. म्हातारपणी माणूस आटतोच, त्यात काय एवढं, असं म्हणून सुई ठेवून द्यायची.

शेवटी पोरगा वकार त्याला अकोल्याला घेऊन गेला. ताहेराही गेली. डॉक्टरनं मणक्याचे फोटो काढले, पाहिले, आणि सांगितलं की मणक्यात नस दबली आहे, ती मोकळी करता येईल, वर स्क्रू घालून मणके जोडावे लागतील. हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं फोटो बाजूला ठेवले आणि अन्वरकडे पाहिलं.

"चाचा, हात छातीवर घ्या. आणि खुर्चीवरून उठून दाखवा. हात टेकायचे नाहीत."

अन्वरनं हात छातीवर बांधले, पुढं झुकला आणि मागं बसला. परत झुकला, परत बसला. तिसऱ्या खेपेला त्यानं ताहेराकडे पाहिलं. ताहेरानं मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला सुरुवात केली.

"साहेब, आमच्या घरी कुर्सी नाई," वकार म्हणाला. "हे खाली बसनारं मानूस हाय. कुर्सीची सवय नाई त्याहिले."

मग डॉक्टरनं त्याला दारापासून टेबलापर्यंत चालवलं. ते चालणं बघून ताहेराच्या मनात आलं, अरे, हा कधीपासून एवढं हळू चालायला लागला? घरात कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग तिथल्या एका पोरसवदा डॉक्टरनं अन्वरच्या हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाला, पूर्ण ताकदीनं दाबा. अन्वरनं दाबलं. काटा असा काही सरकला की त्या डॉक्टरनं यंत्र हलवून बघितलं आणि पुन्हा दाबायला सांगितलं. काटा पुन्हा तिथंच.

"चाचा, हा तर जवानाचा हात आहे."

आता त्या हातानं आयुष्यभर पिंजण चालवलेली, मशीन आल्यावरही काठीनं रुई झोडपलेली, जाड खोळीतून दाभण ओढलेलं. पिंजाऱ्याच्या घरात माणसाची ताकद हातातच बघतात. मुलगी द्यायची तर पोराचा पंजा बघतात. वकारची छाती फुगली. ताहेरासुद्धा पदराआड हसली. मोठा डॉक्टर मात्र हसला नाही.

"हात चांगला आहे," तो म्हणाला. "पण माणूस हातावर उभा राहत नाही. मांड्या बघा यांच्या. अंगात काही राहिलेलंच नाही. महिनाभर थांबा. रोज अंडी, डाळ, दूध. खुर्चीवरून उठबस करायची, जमेल तेवढं चालायचं. शरीर तयार करून आणा. नाहीतर माझं ऑपरेशन चांगलं होईल आणि माणूस पडून राहील."

एवढं स्पष्ट बोलला बिचारा. पण परतीच्या एसटीत तिघांच्याही तोंडी तो काटाच होता. "डाक्टरच म्हने जवानाचा हात," अन्वर शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता. "मंग थांबाले काऊन सांगते, काई समजत नाई."

महिना मिळाला, त्याचं अन्वरनं काय केलं? गाद्या केल्या. ऑपरेशननंतर हात लावता येणार नाही, लगनसराई तोंडावर, म्हणून त्यानं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाकून टाके घातले. ताहेरा अंडं उकडून द्यायची. तो पांढरं खायचा आणि पिवळं वकारच्या ताटात सारायचा, पोराला मेहनत आहे म्हणून. वकारनं प्लास्टिकची खुर्ची आणली. तिच्यावर सून मदिहानं दोन दिवसांत ओले कपडे वाळत घातले, आणि पुढं ती खुर्ची कपड्यांचीच झाली. चाला म्हटलं तर अन्वर म्हणायचा, "काम टाकून रस्त्यानं हात हालवत फिरू का? लोक पागल म्हनतीन."

महिना भरत आला तसा त्याच्या डाव्या पायाचा पंजा उचलेना. चप्पल पायातून निघून मागंच राहायची. डॉक्टर म्हणाला, आता जास्त थांबता येणार नाही. "खाल्लं का नीट?" त्यानं विचारलं. "हाव, खाल्लं न," वकार म्हणाला. ताहेरा पुन्हा भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला लागली.

ऑपरेशनच्या सकाळी अन्वर दवाखान्याच्या हिरव्या कपड्यात खाटेवर बसला होता. डोक्यावर टोपी नव्हती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण उजेडात त्याचं उघडं डोकं ताहेरानं क्वचितच पाहिलेलं. त्यानं तिला जवळ बोलावलं.

"वकारची अम्मी, एक गोष्ट ऐक. मी मेलो त चालीन. पन मले दुसऱ्याच्या हातानं धुवाची पाळी येऊ देऊ नको."

"असं काऊन बोलता?"

"माह्या बापाची आली होती. मीच धुवत होतो त्याले. दुखन्यानं नाई मेला तो. शरमेनं मेला." मग म्हणाला, "तुह्या हाताचंही नको."

"तुमी तुमच्या पायानं जासान," ताहेरा म्हणाली. ती हे त्याला सांगत नव्हती, जबान देत होती. तेव्हापासून तिचा जीव त्या एका गोष्टीवर टांगून राहिला. त्यानं काम करावं, बाजारात जावं, मशिदीत जावं, हे सगळं तिच्या लेखी नंतरचं. त्यानं परसातल्या संडासापर्यंत आपल्या पायानं जावं, दार लावावं आणि आपल्या पायानं परत यावं. बस, एवढंच.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बोलला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अन्वर भलतंच बोलायला लागला. वकारला ओळखेना. चादरीवरून बोटांनी काहीतरी वेचत राहिला आणि वेचलेलं बाजूला ठेवत राहिला. "काडी राह्यली," म्हणायचा. "रुईत काडी राह्यली बे, काढ ते." चादरीवर काही नव्हतं. नर्स म्हणाली, अशक्त म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर होतं असं, उतरेल. आणि उतरलंही. पण आजारी माणूस चादर वेचायला लागला की तो जायच्या वाटेला लागला, असं मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात ते ताहेराला ठाऊक होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

पुढं मात्र दोघांच्या आधारानं तो वॉर्डाच्या दारापर्यंत चालला. पायातली आग गेली होती. "जादू झाली बे वकार," म्हणाला, आणि हसला. ताहेराला वाटलं, जिंकलो.

घरी आल्यावर वकारनं बापासाठी गादी केली.

अशी गादी सोनाळ्यात कुणी पाहिली नव्हती. कडूबाच्या शेतातला पहिल्या वेचणीचा कापूस. वकारनं तो सरकी काढून आणला, मशीनवर पुन्हा पुन्हा पिंजला आणि काठीनं असा झोडपला की घरभर धुकं झालं. लाल पट्ट्यांची खोळ, हातभर उंची. मदिहाच्या माहेरचा पलंग मधल्या खोलीत आणला आणि त्यावर गादी टाकली. बघायला अर्धा मोहल्ला आला. अन्वरला उचलून वर निजवलं. त्यानं तळवा दाबून पाहिला, बोटानं कोपरा चाचपला.

"कोपरा बरा धरला," म्हणाला.

एवढंच. पण वकारला ते आयुष्यभर पुरलं असतं. अन्वरनं डोळे मिटले आणि त्याचं सगळं अंग त्या रुईत उतरत गेलं. ताहेरा कौतुकानं बघत होती. काय आराम मिळतोय माझ्या माणसाला, असं तिच्या मनात आलं. त्या गादीतून उठायला कोपर रोवला की कोपरच आत जातो, हे तिला दुसऱ्या सकाळी कळलं. मग ती त्याला काखेत हात घालून उठवायला लागली.

आणि लोक. आजाऱ्याला भेटायला जाणं हे सवाबाचं, पुण्याचं काम, त्यामुळे सगळा मोहल्ला आला. हिंदू आळीतून तर घरटी माणूस आलं, कारण कुणाच्या पोरीची गादी अन्वरनं केली नव्हती? येताना कुणी केळी आणायचं, कुणी बिस्किटाचा पुडा. डॉक्टरनं सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून चालवा. ताहेरा सकाळी त्याला पलंगाच्या काठावर बसवायची, पाय खाली सोडायची, वॉकर पुढ्यात ठेवायची. त्यानं दांडी धरली रे धरली की दारातून आवाज यायचा.

"अन्वरभाई. अरे, उठू नका, उठू नका."

आणि येणारा माणूस नुसता बोलून थांबायचा नाही. पुढं येऊन खांद्याला धरून अन्वरला परत निजवायचा. मोठ्या माणसाला आपल्यासाठी उठू द्यायचं म्हणजे काय? रीतच नाही ती. शेजारचा कडूबा तर रोज यायचा. चांगला माणूस, त्याच्या मनात पाप नाही. "मनक्याचं काम हाय भाऊ," म्हणायचा. "तेल्हाऱ्यात एकाचा इस्क्रू ढिला झाला, परत फाडा लागलं. कायले घाई करता? आराम करा." प्रत्येकाच्या ओळखीत असा कुणीतरी स्क्रू ढिला झालेला असायचाच. ताहेरा चहा ठेवायची. चहा पिऊन माणूस जायचा तेव्हा ऊन अंगणात आलेलं असायचं आणि अन्वरला झोप लागलेली असायची. ती त्याला उठवायची नाही. जिवावर यायचं तिच्या.

एकदा सकाळी कुणी नव्हतं. ताहेरानं हट्टच धरला. उचलून उभं केलं, मागून कुडता धरला, आणि दोघं परसात निघाली. मदिहा दोरीवर कपडे टाकत होती. सासरा येताना दिसला तशी ती पदर ओढून आत गेली. अन्वर निम्म्यापर्यंत आला. तिथं त्याचे गुडघे आधी थरथरले आणि मग हळूहळू मिटले. धाडकन नाही पडला. जमिनीवर बसल्यासारखा बसला आणि पायजमा भिजत गेला. ताहेरानं जोर लावला, पण तिच्यानं काय उचलणार? नेमका तेव्हाच कडूबा मागल्या दारानं कोथिंबीर घेऊन आला. त्यानं आणि आतून धावत आलेल्या वकारनं अन्वरला उचललं. कडूबा सगळा वेळ लिंबाच्या झाडाकडे बघत होता. तरी दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. कुणी वाईटानं सांगितलं नाही. हळहळतच सांगितलं. ते तर आणखीच वाईट.

त्यानंतर वॉकर पुढं ठेवला की अन्वर म्हणायचा, "उद्या."

आणि मग ती पाळी आलीच. पहिल्यांदा ताहेरानं त्याला धुतलं तेव्हा त्यानं गमचा तोंडावर ओढून घेतला. गमच्याखालून आवाज नाही आला, पण त्याचं पोट हिसके देत होतं. ताहेराही रडली. तिनं जबान दिली होती आणि ती मोडली होती. रोज तेच. गमचा तोंडावर, अंग ताठ, आणि झालं की दिवसभर तो तिच्याशी बोलायचा नाही. घरात सून आहे हे त्याला सगळ्यात लागायचं. मदिहा चहा उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाजवायची. तो आधी उशापासची टोपी घालायचा, चादर गळ्यापर्यंत ओढायचा आणि मग म्हणायचा, "ठेव बेटा." शौचाचं भांडं लागणार असलं की ताहेराला खूण करायचा, आणि ताहेरा मदिहाला काहीतरी निमित्त काढून शेजारी पाठवायची. मदिहालाही ते कळायचं. जाताना ती दार ओढून घ्यायची.

ताहेराला हे बघवत नव्हतं. पण तिच्या मनाला धीरही याचाच होता. याला लाज आहे ना? मग हा उठेल. ही लाजच याला एक दिवस उठवेल. ताकद नाही, भूक नाही, पण लाज शाबूत आहे, असं ती स्वतःला बजावत राहायची.

होळीनंतर त्याला गाडीत घालून पुन्हा अकोल्याला नेलं. नवा फोटो काढला. डॉक्टर खूश झाला. हाड छान जुळतंय, स्क्रू जागच्या जागी आहेत, नस मोकळी आहे. मग त्यानं अन्वरला उभं करायला सांगितलं. दोघांनी धरलं तरी तो खाली झिरपत होता. डॉक्टरनं पायजमा वर करून मांडी पाहिली. कातडी लोंबत होती. फोटो बाजूला ठेवून तो ताहेराकडे वळला.

"मावशी, घरी यांचं सगळं कोण करतं?"

"मीच करतो."

"पाणी कोण देतं? कूस कोण बदलतं? घास कोण भरवतं?"

"मीच," ताहेरा म्हणाली. अभिमानानंच म्हणाली.

"तेच बंद करा. तुम्ही जितकं कराल तितकं यांचं शरीर सोडून देईल. आधीच अंगात कमी होतं, पडून पडून उरलंसुरलं चाललंय. जे त्यांना थोडंही जमतं ते त्यांनाच करू द्या. कडक अंथरूण घाला, पाय जमिनीला टेकतील असं. आणि मावशी, आता फार वेळ नाही आपल्याकडे."

ताहेरानं घरी येताच गादी काढली. पलंगाच्या फळ्यांवर सतरंजी टाकली आणि अन्वरला वर बसवलं. फळी कडक असल्यामुळे तो बसला, थोडा वेळ आपल्या आधारानं बसला. ताहेराच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी वकार आला आणि दारातच थांबला.

"अम्मी, हे काय करून राह्यली तू?"

"डाक्टरनं सांगतलं."

"डाक्टर इथं राहाले येनार हाय का? उद्या मानसं येतीन. गादीवाल्याचा बाप सतरंजीवर पाहतीन. म्हनतीन, वकारनं बापाची गादी काढून इकली." त्यानं भिंतीला लावलेल्या गादीवर हात ठेवला. "माह्यानं दुसरं काय होते अम्मी त्याहिच्यासाठी? एक गादीच त करता येते मले."

ताहेराला त्याच्या तोंडाकडे पाहून वाईट वाटलं, तरी ती हलली नाही. "त्याहिलेच इचार," ती म्हणाली. तिला खात्री होती. जन्मभर सतरंजीवर झोपलेला माणूस काय सांगणार?

"गादी टाक वकार," अन्वर पलंगावरून म्हणाला. "पाठ टोचते."

ताहेरानं सतरंजी गुंडाळली. गादी पुन्हा आली.

चैत्रातलं ऊन तापलं. डोंगराकडून येणारा वारासुद्धा भाजायला लागला. एक दिवस कूस वळवताना ताहेराला त्याच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोट ठेवलं तर कातडी ओलसर लागली. दोन बोटं बाजूला, टाक्याचा व्रण मात्र सुंदर भरून आला होता, सरळ, जणू त्यानंच घातलेली शिवण. पडून राहणाऱ्याची पाठ अशीच फुटायला लागते, हे तिला माहीत होतं. तिनं ठरवलं, आता बस झालं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आता मी करणारच नाही.

वकार गाद्या घेऊन वरवटच्या बाजाराला गेला, त्या दिवशी तिनं घाट घातला. अंगणाच्या फाटकाला आणि मागल्या दाराला आतून कडी लावली, म्हणजे कुणी "उठू नका" म्हणायला यायला नको. अन्वरला थोडा वरण-भात चारला. चारला म्हणजे चमचा त्याच्या हातात दिला आणि समोर बसून राहिली. त्यानं थोडं खाल्लं, थोडं सांडलं. मग तिनं वॉकर पलंगाला चिकटवून ठेवला.

"ऐका," ती म्हणाली. "आज मी उचलनार नाई. भांडंही देनार नाई. लागलं त पाय खाली सोडा आन् मले आवाज द्या. मी मांगं उभी राहतो. पडू देनार नाई. पन उठा लागते तुमालेच."

"हाव," अन्वर म्हणाला आणि पंख्याकडे बघत राहिला.

बाहेर ओट्यावर मदिहा गहू निवडत होती. ताहेरा तिच्याजवळ जाऊन बसली. "आत जाऊ नको," तिनं सांगितलं. "काईबी झालं तरी जाऊ नको."

बराच वेळ काही नाही. गव्हातले खडे तेवढे वाजत होते. मग आतून हाक आली. "वकारची अम्मी."

"पाय सोडले का खाली?" ताहेरानं तिथूनच विचारलं.

मग परत हाक. मग परत. ताहेरानं सुपाची कड घट्ट धरली. तिचं मन तिला आत ओढत होतं आणि ती बसून राहिली होती. इतकी वर्षं त्या माणसाच्या एका हाकेची तिनं कधी दुसरी होऊ दिली नव्हती.

मग हाका थांबल्या. थोड्या वेळानं दारातून वास आला. मदिहानं मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते.

"अम्मी, जाऊ द्या न. मले नाई पाहवत."

"नाई," ताहेरा म्हणाली. "आता उठतीन ते. आता राहवनार नाई त्याहिले."

तिला आतलं सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. आता त्यानं गमचा तोंडावर घेतला असेल. आता त्याला सुनेची आठवण झाली असेल, ती ओट्यावर बसली आहे, तिच्यापर्यंत वास गेला असेल, हे त्याला कळलं असेल. आता तो दात-ओठ खाऊन पाय खाली सोडेल. ताहेरा मनातल्या मनात त्याला चिडवत होती, शिव्या देत होती, त्याच्या हातापाया पडत होती. ऊठ. माझ्यावर रागाव, पण ऊठ.

आतून वॉकर फरशीवर घासल्याचा आवाज आला.

ताहेरा ताडकन उठली. गुडघ्यातून कळ गेली, तिकडं लक्ष न देता ती दाराशी गेली आणि फटीतून पाहिलं. अन्वरनं आडवं पडल्यापडल्याच एका हातानं वॉकर लांब सारला होता. पंख्याचा वारा अडत होता म्हणून. हात पुन्हा छातीवर घेऊन तो स्वस्थ पडला होता. तोंडावर गमचा नव्हता. टोपी उशाशी होती, ती त्यानं घातली नव्हती.

"मदिहा," त्यानं हाक मारली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी साधी हाक होती. "ए बेटा मदिहा. तुही सासू कुठं गेली काय मालूम. तू ये न. जरा धुऊन दे मले."

ओट्यावर मदिहाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं सासूकडं पाहिलं. मग सासऱ्यानं हाक मारली म्हणून उठली, पदर डोक्यावरून नीट घेतला, मोरीतून बादली भरली आणि दाराशी येऊन उभी राहिली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

ताहेरानं तिच्या हातातून बादली घेतली. "तू जा घरात," ती म्हणाली. "चूल पाह्य."

आत गेली तर अन्वरनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, अगदी मोकळेपणानं.

"तू आली का? मले वाटलं मदिहा येते," तो म्हणाला. "चालते. कोनीबी चालते."

ताहेरानं बादली खाली ठेवली आणि दार लावून घेतलं. मग ती रडली, आणि रडता रडताच त्याला कुशीवर वळवलं.